चांदव्यावरची कमळं

गोडोली, सातारा
१२ जून २०२३

प्रिय सुरेखा,

तुला फोन लावून लावून माझं बोट दुखायला लागलं. दर वेळी समीक्षाच उचलते आणि म्हणते, "आई झोपल्यात," नाहीतर "आई बस्तीत देवदर्शनाला गेल्यात." सून तुझी गुणी आहे, पण तू भर दुपारी झोपतेस हे मला पटत नाही. समडोळीत शिवणाच्या क्लासला आपण होतो तेव्हा बाईंना डुलकी लागायची, आणि तू मात्र टीप मारत बसायचीस. म्हणून आता पत्र.

काम आहे. आमचे सुभेदार रिटायर होऊन आम्ही इथं घर केल्यापासून मी कॉलनीतल्या बायकांना भरतकाम शिकवते. बहुतेक फौजी घरातल्याच आहेत. छावण्यांतून फिरताना मी पंजाबी, काश्मिरी, जे दिसेल ते शिकले, तेच त्यांना दाखवते. परवा एकीनं विचारलं, "काकी, ह्यात आपल्याकडचं काय हाय?" घरी आले आणि आमच्या लेकीच्या, संयोगिताच्या लग्नात तू दिलेली वाकळ बाहेर काढली. कापडाची कमळं कापून, कडा आत दुमडून, वाकळेवर लावलेली. बघता बघता वाटलं, हेच की. हीच कमळं दोऱ्यानं भरायची.

वाकळेवर कागद ठेवून गिरवायला बघितलं, पण वाकळ फुगीर, पेन्सिल कुठंही घसरते. तू फोनवर फोटो पाठवलास तर आकार बिघडतो. तेव्हा तुझे मूळ खाके पाठव, ब्राऊन पेपरचे. कमळ, मासे आणि कलश. एसटीच्या पार्सलनं आले तरी चालतील. उतरवून घेते आणि लगेच परत करते.

नेमिनाथभावजींना नमस्कार सांग.

तुझी
विजू


गावभाग, सांगली
३ जुलै २०२३

विजू, जय जिनेंद्र.

पत्र मिळालं. खाके पाठवता येणार नाहीत. मलाच लागतात. आमच्या बस्तीत देवाच्या वर बांधायचा चांदवा पुरात गेला. छताचं ते कापड सासूबाईंनी केलं होतं, पेटीत ठेवलं होतं, पेटीच पाण्यात गेली. नवा चांदवा करायचं मी पत्करलं आहे. येत्या महावीर जयंतीला बांधायचा आहे.

शिवाय ती कमळं कापडाची आहेत. दोऱ्यात शोभणार नाहीत. तुझ्या बायकांना दुसरं काही शिकव.

मी बरी आहे. फोन करू नकोस, कामात असते.

सुरेखा


सातारा
१४ जुलै २०२३

सुरेखा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. मला वाटलं उलट्या बाजूला काहीतरी असेल. नव्हतं.

खाके नाही द्यायचे तर नको देऊस. तुझी वस्तू आहे. पण "दुसरं काही शिकव" हे तू मला लिहावंस? क्लासमध्ये काजं तू करायचीस आणि कॉलर मी लावायची, एकीचं काम दुसरीच्या नावावर जायचं, तेव्हा आपण कधी तुझं-माझं केलं नाही. आता बस्तीचं काम मिळालं तर एवढा ताठा आला होय?

आणि अक्षर तरी काय. ओळी वर सुरू होतात आणि घसरत खाली जातात. चालत्या गाडीत बसून लिहिल्यासारखं. मला उत्तर द्यायला टेबलाशी बसायलाही तुला फुरसत झाली नाही, एवढं कळलं.

पुन्हा मागणार नाही.

विजयमाला


सांगली
२ सप्टेंबर २०२३

विजू,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं. पण तू "विजयमाला" अशी सही केलीस, ते काही मनातून जाईना.

ओळी घसरतात, कारण डाव्या हातानं कागद दाबून धरता येत नाही. फेब्रुवारीत माझ्या अंगावरून वारं गेलं. सकाळी भाकरी थापत होते, परात हातातून निसटली, ती उचलायला वाकले आणि तिथंच बसले. डावी बाजू गेली. पाय आता काठी घेऊन चालतो. हात चालत नाही. जीभ जड झाली आहे, र आणि ळ तोंडात अडकतात. म्हणून फोन घेत नाही. ओळखीच्या माणसानं "काय, काय?" करत पुन्हा पुन्हा विचारलं की मला ते सोसत नाही. समीक्षाला खोटं बोलायला मीच लावलं, तिला बोल लावू नकोस.

चांदव्याचं पत्करलं होतं ते खरं. कमळं कापूनही झाली होती. पण तुला माहीत आहे, कापड लावताना खरं काम डाव्या अंगठ्याचं असतं. कड आत वळवायची, दाबून धरायची, मग उजव्या हातानं टाका. डावा हात मांडीवर पडून असतो. एकदा दातांनी धरून बघितलं, कापड ओलं झालं. देवाचं कापड ते. उचलून ठेवून दिलं.

बस्तीचे विश्वस्त अमृतअण्णा घरी येऊन गेले. म्हणाले, काकू, तुम्ही आराम करा, आम्ही बघतो काहीतरी. घरात सगळे तेच म्हणतात. आराम हा शब्द आता कानावर आला तरी राग येतो.

खाके सोबत पाठवते आहे. सगळे. परत करू नकोस. तू म्हणालीस तसं दोऱ्यात बसव. मला आता त्यांचा उपयोग नाही.

सुरेखा


सातारा
२० सप्टेंबर २०२३

सुरेखा,

तुझं पत्र वाचून रडले ते रडले, त्याबद्दल इथं लिहीत नाही. माझ्या जुलैच्या पत्राबद्दलही लिहीत नाही. ते फाडून टाक.

आता ऐक. चांदवा तूच करायचा. कापड लावता येत नाही ना, मग लावायचं नाही. भरायचा.

भरतकामात कड वळवावी लागत नाही. कापड रिंगेत ताणून धरलेलं असतं. रिंग कुणीतरी धरली की सुईला एक हात पुरतो. आणि रिंग धरायला माणूसच कशाला हवं? सुभेदारांच्या पलटणीतले जोतिबा आता एमआयडीसीत वर्कशॉपमध्ये आहेत. त्यांच्याकडे गेले, सगळं समजावून सांगितलं. ते म्हणाले, "वहिनी, हे तर शिकंज्याचं काम हाय." टेबलाला आवळायचा एक लोखंडी दांडा केला आणि त्यावर रिंग बसवली. हवी तशी फिरते. पार्सलमध्ये तीच आहे. पहिल्यांदा समीक्षाला आवळायला सांग.

चांदवा एवढा मोठा एका तुकड्यात रिंगेत येणार नाही. म्हणून चौकोन वेगवेगळे भरू आणि शेवटी पट्टीनं जोडू. निम्मे तू, निम्मे मी. तुझ्या खाक्यावरून एक कमळ नमुना म्हणून भरून पाठवलंय. सोबत रेशमाच्या लडी आहेत, श्रीनगरहून आणलेल्या, आजवर जपून ठेवल्या होत्या. देवाच्या कामाला त्याच शोभतील.

नमुना बघ आणि सुरू कर. "जमणार नाही" असं लिहिलंस तर मी पहिल्या एसटीनं येऊन दारात बसेन.

तुझी
विजू


सांगली
१८ ऑक्टोबर २०२३

विजू,

रेशीम परत पाठवते आहे. रेशीम किड्यांना मारून काढतात. आमच्या बस्तीत ते कापडालाही चालत नाही आणि दोऱ्यालाही. एवढी वर्षं माझ्याशी मैत्री करून हे तुला माहीत नसावं? सुती दोरा हवा.

आता तुझं कमळ. मी ते समोर ठेवून बघते आहे आणि मला चीड येते आहे.

पाकळ्यांची टोकं तू सुईसारखी केलीस. माझ्या खाक्यात टोक दिसतं, पण कापड दुमडलं की ते बोथट होतं. वाकळेवरची पाकळी गोल असते, बोटाच्या पेरासारखी. तू खाका बघितलास, वाकळ बघितली नाहीस. दुसरं, कापडात खालची पाकळी वरच्या पाकळीच्या आत जाते. तू तो आत गेलेला भागही भरलास आणि त्यावर पुन्हा वरची भरलीस. तिथं जखमेवर खपली धरावी तसं जाड झालंय. जे दिसत नाही ते भरायचं कशाला? तिसरं, दोन पाकळ्यांमधली मोकळी जागा तू देठांनी भरून टाकलीस. ती मोकळी राहिली तरच कमळ उमलल्यासारखं दिसतं.

आणि सगळ्यात मोठं. लेकाला, अरिहंतला, स्टुलावर चढवून तुझा नमुना छताला टाचायला लावला आणि मी खाली चटईवर आडवी झाले. चांदवा लोक खालून बघतात, विजू. खालून तुझं कमळ दिसतच नाही. एक फिकट डाग दिसतो. एवढे बारीक टाके उंचावर वाया जातात.

म्हणून मी माझ्या पद्धतीनं एक पाकळी करून बघितली. कडेला जाड दोऱ्याचा साखळी टाका, गडद रंगाचा, दुमडलेल्या कडेसारखा. आत भरीव काहीच नाही. वाकळेला मारतो तसा धावदोरा, ओळीमागून ओळ, पाकळीच्या आकारानं वळत आत जाणारा. रिंग थोडी सैल ठेवली की सुई एकाच हातानं आतबाहेर होते. तू ताणून ठेवायला सांगतेस, ते दोन हातवाल्यांसाठी. अरिहंतनं तीही टाचली. ती दिसते.

पाकळी वाकडी आहे. पुन्हा करते आहे.

जोतिबांना सांग, दांडा चांगला आहे, पण रबर लावलं नाही म्हणून टेबलाला चरे पडले.

सुरेखा


सातारा
१ नोव्हेंबर २०२३

सुरेखा,

तुझं पत्र सुभेदारांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "बाई चांगली ठणठणीत हाय की, एवढी भांडतीया म्हंजे." मलाही तसंच वाटलं.

तुझं सगळं मान्य. माझी टोकं मी उसवली. खालून बघायचं मला सुचलंच नव्हतं. मी आजवर उशा आणि चादरी भरल्या, त्या लोक डोळ्यांजवळ घेऊन बघतात. आता आमच्या हॉलमध्ये पंख्याच्या हुकाला दोरी बांधून चौकोन टांगते आणि खाली आडवी होते. शेजारीण आली होती, तिला वाटलं मला चक्कर आली.

तुझी धावदोऱ्याची पाकळी बायकांना दाखवली. ज्या बाईनं विचारलं होतं ना, आपल्याकडचं काय हाय, ती बराच वेळ तिच्यावरून बोट फिरवत होती. मग म्हणाली, "ही तर वाकळच हाय, नुसती पातळ केल्याली."

सुती दोरा पाठवते आहे. रंग तू सांगितलेलेच आहेत. मासे मी घेते, वळणं जास्त आहेत. कमळं तुझी, त्यांचे खाके सोबत आहेत. कलश कोण करतंय ते बघू. रबर पाकिटात आहे.

तुझी
विजू


सांगली
१० जानेवारी २०२४

विजू,

बरेच दिवस लिहिलं नाही. हात चालू होता. आणि मध्ये एक गोष्ट झाली, ती सांगते.

मार्गशीर्षात बस्तीतल्या एका मुलीच्या तोंडून कळलं की बाहेरगावाहून तयार चांदवा मागवलाय. मशीनवर केलेला, जरीचा. ऑर्डर दिवाळीआधीच गेली होती. आमच्या ह्यांना विचारलं, तर त्यांना माहीत होतं. म्हणाले, "तुला ताण नको म्हणून बोललो न्हाई." मी म्हणाले, "मी चौकोन भरत बसलेली रोज दिसत होते, तवा ताण कुणाला होता?" जेवण तसंच टाकून ते बाजारात गेले.

त्या रविवारी अभिषेकानंतर विश्वस्त बस्तीच्या ओवरीत बसतात, तिथं मी गेले. समीक्षाचा हात धरून. झालेले चौकोन पिशवीत होते. अमृतअण्णा उठून उभे राहिले. चांगला माणूस आहे, त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. म्हणाले, "काकू, तुमी कशाला आलासा एवढ्या लांब? आराम करायचा. ऑर्डर गेलीया, चिंता करू नका."

मी बोलायला लागले. जीभ "चांदव्यावर"ला अडकली. शेजारच्यानं माझं वाक्य पुरं केलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा कुणीतरी पुरं केलं, तेही चुकीचं. तेव्हा मी काठी आपटली. आपटायची नव्हती, आपटली गेली. मी म्हणाले, "मला येळ लागतोय. लागू द्या. पर माझं वाक्य मीच पुरं करणार."

मग सगळे थांबले. माझं बोलणं संपेपर्यंत खरंच थांबले. मी सांगितलं की काम मी पत्करलं होतं, ते मी परत दिलेलं नाही. कापड लावता येत नाही म्हणून दोऱ्यात करते आहे. साताऱ्याची माझी मैत्रीण निम्मं करते आहे. जयंतीच्या आत देईन. आधी बघा, मग नको म्हणायचं तर म्हणा.

समीक्षानं चौकोन फरशीवर मांडले. सगळे वाकून बघायला लागले. वरून बघितलं तर ते भरड दिसतात, तुला माहीत आहे. तेवढ्यात कोपऱ्यातून रंगूबाई, आमच्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या, म्हणाल्या, "चांदवा खाली घालत्यात व्हय रं? वर धरा की."

दोघांनी चौकोन डोक्यावर धरले. अमृतअण्णा खाली बसले आणि वर बघितलं. मग म्हणाले, "तयार आलेला बाहेरच्या मंडपात बांधू. देवावर काकूंचा. पर पुरा झाला तर."

तो "तर" घेऊन मी घरी आले. अजून पुष्कळ काम बाकी आहे. मध्यंतरी खांदा दुखतो म्हणून काही दिवस बसता आलं नाही.

एक सांगायचं राहिलं. सुई ओवायला मला कुणालातरी हाक मारावी लागायची. दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर टेबलावर सुयांची रांग ओवून ठेवलेली होती, रंगांप्रमाणे. समीक्षाला विचारलं तर तिनं नाही म्हणून मान हलवली. तेव्हापासून हे रोज बाजारात जायच्या आधी चष्मा लावून बसतात.

सुरेखा


सातारा
१८ जानेवारी २०२४

सुरेखा,

तुझं पत्र वाचून संपलं आणि मी पंचांग बघितलं. तू एकटी एवढं पुरं करू शकणार नाहीस. मीही इथं बसून करू शकणार नाही. जोडणीला तर दोघी एका जागी लागतीलच. खालची पट्टी सरळ येते का, हे पत्रातून विचारत बसलो तर जयंती निघून जाईल.

मी येते आहे. माझे चौकोन, रिंगा आणि शिवणमशीनचा पट्टी लावायचा पाय घेऊन. काम संपेपर्यंत राहीन. सुभेदारांना विचारलं, जेवणाचं काय कराल. म्हणाले, "मेसमध्ये जन्म गेला माझा, तू जा." क्लास बायका आपसांत चालवणार आहेत.

तुमच्याकडे सूर्यास्ताआधी जेवण असतं, कांदा-लसूण नसतं, ते मला चालतं. भरताना मात्र मी रेडिओ लावते. ते तुला चालवून घ्यावं लागेल.

शनिवारी दुपारपर्यंत स्टँडवर उतरेन. कुणाला पाठवू नकोस, रिक्षा करून येते.

विजू


सांगली
२५ एप्रिल २०२४

विजू,

संयोगिताला मुलगी झाल्याचं अरिहंतच्या फोनवर कळलं. सगळ्यांना आनंद झाला. तुला जयंतीच्या आदल्या दिवशी तसंच उठून जावं लागलं, शेवटच्या कडेची साखळी तेवढी राहिली होती. ती मी केली. सगळं कसं झालं ते तुला बघता आलं नाही, म्हणून लिहिते.

जयंतीला पहाटेच धोतर-दुपट्ट्यातली मुलं शिडी घेऊन आली. बांधताना एक कोपरा लोंबत होता, अमृतअण्णांनी तीनदा सोडून पुन्हा बांधायला लावला. मी ओवरीत खुर्चीवर होते. वर बघायची हिंमत होईना. आधी लोकांच्या तोंडाकडे बघितलं. एकेक जण आत येई, हात जोडी, डोळे मिटी, उघडी आणि मग मान वर जाई. पूजा सुरू झाली तरी बायका वरच बघत होत्या. शेवटी पंडित म्हणाले, "देव समोर हाय, वर न्हाई." सगळ्या हसल्या.

मग मीही बघितलं. समयांच्या उजेडात कडेची साखळी काळी दिसते आणि आतला धावदोरा दिसत नाही, नुसता रंग हलल्यासारखा वाटतो. तुझे मासे पोहतात. माझं मधलं कमळ थोडं डावीकडं कललंय. तू म्हणाली होतीस उसवूया, मी नको म्हणाले होते. अजूनही नको म्हणते. बाहेरच्या मंडपात जरीचा चांदवा चमकत होता, त्याचंही लोकांनी कौतुक केलं. तेही चांगलं झालं, कुणाचं मन मोडलं नाही.

डॉक्टरांकडे परवा जाऊन आले. ते म्हणाले, हाताची आशा आता धरू नका. मला वाटलं होतं रडू येईल. घरी येऊन हात मांडीवर नीट ठेवला, पदरानं झाकला आणि कामाला बसले.

पूजेनंतर आष्ट्याहून आलेल्या एक बाई माझ्याजवळ आल्या. ओळख नव्हती. चांदव्याकडे बोट करून म्हणाल्या, "तुमीच केलासा म्हणं? एका हातानं?"

मला बोलायला वेळ लागला. त्या थांबल्या.

"एका न्हाई," मी म्हणाले. "तीन हातांनी. दोन साताऱ्याचे हायत."

समडोळीच्या बस्तीतून निरोप आलाय, त्यांनाही असा हवा आहे. मी घरात कुणालाही न विचारता हो म्हटलंय. कापड भिजवून, धुऊन वाळत घातलं आहे. नात जरा मोठी झाली, तिला तेल-पाणी करून तुझे हात मोकळे झाले, की कळव. कलशाचा खाका मला पुन्हा कापायचा आहे, कागद दाबून धरायला तू लागशील.

सुरेखा